कुंपणाचा हिशेब कोण घेणार?

नवी दिल्ली : सरकारी संकेतस्थळे उभारण्याचे आणि सांभाळण्याचे काम प्रामुख्याने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे राजधानीतील प्रत्येक अधिकाऱ्याला परिचित असलेल्या ‘एनआयसी’कडे आहे. जुलै २०१४ मध्ये याच संस्थेमार्फत दिली गेलेली काही अनधिकृत डिजिटल प्रमाणपत्रे ‘गुगल’च्या निदर्शनास आली. ती गुगलच्याच पत्त्यांसाठी होती. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह अशा प्रमाणपत्राच्या आधारावर उमटते. समोरचे स्थळ खरोखर तेच आहे, अशी ती ग्वाही असते. खोटे प्रमाणपत्र हाती असेल आणि वाटेतली वाहतूक वळवता येत असेल, तर मध्ये बसून वापरकर्त्याचा सारा मजकूर वाचता येतो. पडद्यावरचे कुलूप मात्र बंदच दिसत राहते.

केंद्राच्या प्रमाणन नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीचे अधिकार रद्द केले. एनआयसीच्या प्रक्रियेत शिरकाव झाला होता, बनावट प्रमाणपत्रे चारच होती, असा त्यांचा अहवाल होता. गुगलला मात्र आणखीही आढळली. सर्रास गैरवापराची चिन्हे दिसली नाहीत, हे त्या कंपनीने मान्य केले. तरीही भारतीय नियंत्रकांच्या ग्वाहीवरचा आपला विश्वास तिने मोजक्या सात पत्त्यांपुरता मर्यादित केला. थोडक्यात, भारतीय वापरकर्त्याचे रक्षण त्या वेळी केले ते एका परदेशी खासगी कंपनीने. देशातील कायद्याच्या वाट्याला ते श्रेय आले नाही.

याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ ला आजचे व्यापक रूप मिळाले ते डिसेंबर २००८ च्या दुरुस्तीने. मुंबईवरील हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता. लोकसभेने ती दुरुस्ती गदारोळात, चर्चेविना मंजूर केली. संगणकातून जाणारा मजकूर अडवणे, न्याहाळणे आणि त्याची सांकेतिक भाषा उलगडणे, हे अधिकार सरकारला मिळाले. सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने या कामासाठी दहा यंत्रणांची नावे जाहीर केली, तेव्हा विरोधी पक्षांनी संसद दणाणून सोडली. वास्तविक त्या आदेशाचा पाया दहा वर्षांपूर्वी, त्यांतील अनेकजण सत्तेत असतानाच घातला गेला होता.

देशाच्या सुरक्षेसाठी टेहळणीची गरज कोणीही जबाबदार माणूस नाकारणार नाही. प्रश्न आहे तो तिच्या तपासणीचा. मागणी तपास यंत्रणेची, मंजुरी गृहसचिवांची आणि फेरतपासणी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील सचिवांच्या समितीची. सारा प्रवास सचिवालयाच्या आवारातच संपतो. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात यावर नेमके बोट ठेवले. एकट्या केंद्राकडून दूरध्वनी टिपण्याचे दरमहा साडेसात ते नऊ हजार आदेश निघत असल्याची माहिती पुढे आली होती. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या समितीला म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासावे लागतात. कार्यालयात फायली हाताळणाऱ्या कोणालाही या ‘तपासणी’चा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

परकीय यंत्रसामग्रीबाबत हेच सरकार अतिशय दक्ष आहे, आणि ते योग्यच आहे. १५ जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना ‘विश्वासार्ह स्रोता’कडूनच नवी उपकरणे घेणे बंधनकारक झाले. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या यंत्रणेची चाचणी सक्तीची झाली आणि गरज पडल्यास मूळ आज्ञावलीही तपासणीसाठी द्यावी लागू लागली. उपकरणात चोरवाट ठेवलेली नाही, हे उत्पादकाने सिद्ध करावे, असे यामागचे सूत्र आहे. हेच सूत्र घरातल्या यंत्रणेला लावण्याची वेळ आली की सरकार आखडते. पेगॅसस प्रकरणात राष्ट्रीय सुरक्षेच्या नुसत्या उल्लेखाने न्यायालयीन तपासणी टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी बजावले. न्यायालयाच्या तांत्रिक समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांमध्ये घातक आज्ञावली आढळली. ती पेगॅससच होती, असा निर्वाळा मिळाला नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी नमूद केले.

न्यायालयावर सारी भिस्त ठेवता येणार नाही. टेलिफोन टॅपिंगच्या १९९६ च्या निकालात न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीची मागणी झाली होती. कायद्यात तशी तरतूद नसल्याने न्यायालयाने ती मान्य केली नाही. म्हणजे निर्णय संसदेचाच. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये गुप्तचर यंत्रणांवर संसदीय देखरेखीचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये शंभरावर विरोधी खासदार निलंबित असताना नवा दूरसंचार कायदा संमत झाला. त्यातही फेरतपासणी सचिवांकडेच राहिली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातूनच वगळण्याची मुभा दिली.

तरीही आवाज उठला की सरकारला ऐकावे लागते. प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ आधीच बसवून देण्याची २८ नोव्हेंबर २०२५ ची सक्ती, संसदेत आणि बाहेर टीका होताच ३ डिसेंबरला मागे घेण्यात आली. तथापि हा आदेश दिसला म्हणून विरोध झाला. टेहळणीचे आदेश गोपनीय असतात. ते दिसतच नाहीत. म्हणूनच न्यायाधीशाची पूर्वपरवानगी, दरवर्षी आदेशांची संख्या संसदेपुढे ठेवण्याचे बंधन आणि सर्वपक्षीय समितीची देखरेख, या तीन गोष्टी कायद्यात याव्या लागतील. त्यांनी कोणतेही गुपित फुटणार नाही. शेताला कुंपण हवेच. पण कुंपणाने शेत खाल्ले का, हे पाहण्याचे काम कुंपणाकडेच सोपवून चालत नाही.