घरची लोखंडकामे : हाताने की यंत्राने?

शेतीचा धंदा मातीचा असला तरी तो चालतो लोखंडावर. नांगराचा फाळ, कुळवाची पास, कोळपे, खुरपे, विळा, कोयता, कुऱ्हाड, गोठ्याचे फाटक, विहिरीवरील मोटरीची बैठक, यांपैकी काहीच मोडले नाही, वाकले नाही की बोथटले नाही, असा आठवडा शेतकऱ्याच्या घरी क्वचितच जातो. पूर्वी ही सर्व चिंता गावच्या लोहाराची असे. बारा बलुतेदारांपैकी तो एक. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा त्यास मिळे आणि वर्षभर त्याचा भाता आपल्यासाठी चाले. पुढे लोखंडी नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, आणि नटबोल्टांनी जोडलेली अवजारे घरोघर शिरली. त्यांच्यामागून शेतकऱ्याच्या हाती पानाही आला. आज बहुतेक गावांतून बलुत्याची चाल मोडली आहे, लोहाराचा भाता कित्येक ठिकाणी विझला आहे, आणि मोडलेली वस्तू घेऊन तालुक्याच्या गावी जाण्यात माणसाचा दिवसही मोडतो.

अशा स्थितीत लहानसहान लोखंडकाम घरच्या घरी करावे असे कोणासही वाटेल. परंतु ते कशाने करावे? बाजारात विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे, लोखंड कापणारे हातग्राइंडर, वेल्डिंगचे संच आता सहज मिळतात. तरुण मंडळींचा ओढा तिकडे आहे, तर वडीलधाऱ्यांचा भरवसा कानस आणि हातोडा यांवर. आम्ही लोहार नव्हे की यंत्रज्ञ नव्हे. महसूल खात्यातील कारकुनी संपवून वडिलार्जित जमीन पाहू लागलेले एक शेतकरी आहो. आमचा अधिकार इतकाच की दोन्हीकडच्या चुका आम्ही पदरच्या पैशाने केल्या आहेत.

त्यांतील एक आधी सांगतो. एका चैत्रात गोठ्याच्या फाटकाची बिजागरी बदलावयाची होती. तिचे दोन बोल्ट गंजून घट्ट बसले होते. चिरंजीवांनी नुकताच हातग्राइंडर आणला होता. त्याने एका मिनिटात दोन्ही बोल्ट उडवले. आम्ही यंत्राची तारीफ केली आणि चहास घरात गेलो. कडब्याची गंजी तेथून दहा-बारा पावलांवर होती व वारा तिकडेच वाहत होता, याकडे आमचे लक्ष गेले नाही. अर्ध्या तासाने गंजीच्या बुडातून धूर दिसला. गडीमाणसे आणि शेजारी धावले म्हणून गोठा वाचला व बैल वाचले. कडबा मात्र निम्म्याहून अधिक गेला. पाऊस पडून हिरवा चारा येईपर्यंत आम्ही विकतच्या वैरणीवर जनावरे जगवली. ते दोन बोल्ट करवतीने कापण्यास फार तर दहा मिनिटे लागली असती.

दोष यंत्राचा नव्हता; कोणते काम कोणत्या हत्याराचे याचा विचार न करण्याचा होता. कारकुनी सुटली तरी रकाने आखण्याची खोड सुटत नाही. आम्ही एक वही घातली, तिच्यात तीन रकाने आखले व घरात निघणारे प्रत्येक लोखंडकाम त्यांपैकी एकात लिहू लागलो : हाताचे, यंत्राचे, आणि कारखान्यात नेण्याचे. वही भरत गेली तसे दिसून आले की पहिला रकाना सर्वांत लांब होतो व तिसरा सर्वांत आखूड. त्या वहीवरून पुढील मजकूर लिहीत आहो.

हाताची कामे

पहिली खरेदी वाईसची करावी. चार इंची जबड्याचा, जड बांध्याचा वाईस मजबूत बाकास बोल्टांनी बसवावा, आणि त्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच ठेवावा. पायाखाली वस्तू दाबून धरणारा माणूस निम्मी शक्ती धरण्यातच घालवतो, आणि हात कापून घेतो तो निराळाच. वस्तू घट्ट धरली गेली म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे.

दुसरे हत्यार लोखंड कापण्याची करवत. तिच्या पात्यावर इंचास १८, २४ किंवा ३२ दाते असतात. जाड लोखंडास १८, मध्यम पट्टीस व अँगलास २४, आणि पत्रा व पातळ नळी यांस ३२ दात्यांचे पाते लावावे. कापावयाच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दाते टेकले पाहिजेत. नाही तर दाते अडकून तुटतात. दात्यांची टोके पुढच्या बाजूस ठेवावीत, दाब पुढे ढकलताना द्यावा, मागे येताना सोडावा, आणि मिनिटास पन्नासाहून फार जास्त फेऱ्या मारू नयेत. घाईने पाते तापते व त्याची धार जाते.

तिसरे हत्यार कानस. एक खरबरीत सपाट, एक बारीक सपाट, एक अर्धगोल व एक गोल, इतक्या कानशींवर घरचे काम भागते. मुठीवाचून कानस कदापि धरू नये. तिचे अणकुचीदार शेपूट तळहातात शिरते. तिला तेल लावू नये. खडू घासावा, म्हणजे लोखंडाचा कीस दात्यांत रुतून बसत नाही.

कानशीचे मोठे काम धार लावण्याचे आहे, आणि येथे हात यंत्राहून स्वस्त तर आहेच, पण सरसही आहे. कोयता, विळा, कुऱ्हाड यांच्या धारेस पाणी दिलेले असते. ग्राइंडरच्या चाकाखाली पातळ धार क्षणात तापते. ती आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळी आणि शेवटी निळी दिसू लागते. निळा रंग आला म्हणजे ते पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले व तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. अशी धार दिसावयास चकचकीत असते, परंतु ऊस तोडताना लवकरच मुडपते. कानशीने धार तापत नाही. कानस घसरू लागेल इतके पाते कडक असल्यास दगडावर पाणी घालून घासावे.

आता हाताच्या कामाची खरी कसोटी सांगतो. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला होता, पेरणीयंत्र शिवारात उभे होते, आणि फणाचा बोल्ट भोकाच्या तोंडाशीच तुटला. तालुक्यास जाऊन येण्यात दिवस गेला असता आणि पुढचा पाऊस आला असता तर वाफसाही गेला असता. आम्ही भोकात थोडे डिझेल सोडले व अर्धा घटका थांबलो. मग तुटलेल्या बोल्टाच्या तोंडावर, मध्य सोडून कडेजवळ, छिन्नीने एक खाच पाडली, आणि त्या खाचेत छिन्नी तिरकी धरून आटे सुटण्याच्या दिशेने हलके हलके ठोकत गेलो. सात-आठ ठोक्यांनी तुकडा फिरू लागला व शेवटी बोटांनी निघाला. नवा बोल्ट बसवून पेरणी त्याच दिवशी पुरी झाली. तेथे ना वीज होती ना यंत्र; पिशवीत छिन्नी, हातोडा व पाने होते. गंजून एकजीव झालेला बोल्ट असा निघत नाही हेही खरे. परंतु आधी हा उपाय करून पाहण्यात काही जात नाही.

यंत्राची कामे

यंत्राविषयी आमच्या मनात अढी नाही. जाड पट्टीस हाताच्या बर्म्याने १२ मि.मी. चे भोक पाडणे ही शिक्षा आहे. म्हणून घरी एकच यंत्र घ्यावयाचे तर ते ड्रिलचे घ्यावे. भोकाची जागा पंचाने ठोकून खूण करावी, आधी बारीक भोक पाडून मग मोठे करावे, आणि पोलादावर तेलाचे चार थेंब सोडावेत. ओतीव लोखंड कोरडेच कापावे. बर्मा जितका मोठा तितकी गती कमी, हा नियम आहे. साध्या लोखंडात ६ मि.मी. च्या बर्म्यास मिनिटाला सुमारे १,३०० फेरे चालतात, तर १२ मि.मी. च्या बर्म्यास सुमारे ६५० च पुरेत. वस्तू हाताने धरून भोक पाडू नये. भोक आरपार जाताना बर्मा अडकतो व पत्रा गरकन फिरून बोटे कापतो. हातमोजे व लोंबते उपरणे त्या वेळी दूर ठेवावे.

ड्रिलच्या जोडीस आटे पाडण्याचे टॅप हाताचेच घ्यावेत. १० मि.मी. च्या नेहमीच्या आट्यास ८.५ मि.मी., ८ मि.मी. च्या आट्यास ६.८ मि.मी., व १२ मि.मी. च्या आट्यास १०.२ मि.मी. चे भोक लागते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा टॅप चालवावा. तो कडक व ठिसूळ असतो. भोकात तुटला तर बोल्टासारखा निघत नाही.

ग्राइंडर केव्हा घ्यावा? आमचा हिशेब सोपा आहे : एक-दोन काप हाताने, वीस काप यंत्राने. गोठ्याचा सांगाडा उभारावयाचा, अँगलाचे पुष्कळ तुकडे पाडावयाचे, तर करवत घेऊन बसणे शहाणपणाचे नव्हे. परंतु त्याचे बळ ओळखून असावे. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक भरतो. मोठा काप जावा म्हणून वरील संरक्षक कवच काढून सात इंची चकती बसवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तेवढ्याच फेऱ्यांत तिच्या कडेचा वेग सेकंदास शंभर मीटरांवर जातो, आणि या चकत्या सामान्यतः ८० मीटरांच्या बेताने केलेल्या असतात. ती फुटली म्हणजे तिचे तुकडे डोळा किंवा गळा पाहत नाहीत. चकतीवर फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते ती वाचावी, भिजलेली वा चीर गेलेली चकती टाकून द्यावी, डोळ्यांस चष्मा लावावा, आणि ठिणग्या जिकडे जातील तिकडे वैरण, पाचट, डिझेल काही नाही हे आधी पाहावे. काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नये. हा शेवटचा नियम आम्ही गंजी देऊन शिकलो आहो.

कारखान्यात नेण्याची कामे

आस खरडणे, बेअरिंगची बैठक भरून काढणे, ही लेथची कामे आहेत. त्यांचा नाद घरी करू नये. ओतीव लोखंडाचे वेल्डिंग योग्य तऱ्हेने तापवल्याशिवाय व योग्य कांडी लावल्याशिवाय टिकत नाही. ते जाणत्याकडेच न्यावे. ट्रॅक्टरचा व ट्रॉलीचा जोड, जिच्यावर माणसे बसतात किंवा जिच्याखाली माणूस शिरतो अशी कोणतीही वस्तू, घरच्या वेल्डिंगवर सोपवू नये. जस्ताचा मुलामा असलेली नळी बंद जागेत जोडल्यास त्या धुराने रात्री थंडीताप भरतो. डोळ्यांचे तर असे आहे की काचेवाचून पाहिलेल्या प्रकाशाची आग काही तासांनी, रात्री झोपेत उठते. आणि डिझेलची वा पेट्रोलची टाकी, पिंप, रिकामे दिसले तरी त्यास ज्योत किंवा ठिणगी लावू नये. आत राहिलेली वाफ भडकून स्फोट होतो.

वेल्डिंगचा संच एकेकट्याने घेऊन वर्षातून चार वेळा वापरण्यापेक्षा पाच-सात घरांनी मिळून घ्यावा, किंवा सोसायटीने घेऊन गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणाच्या हवाली करावा. त्यात संचही चालू राहील व त्या मुलाचे पोटही भरेल.

उपसंहार

सारांश, खरेदीचा क्रम असा ठेवावा : प्रथम वाईस, करवत, कानशी, हातोडा, छिन्नी, पंच व चांगले पाने, मग ड्रिल व दोन-तीन मापांचे टॅप, त्यानंतर काम पाहून ग्राइंडर, बाकी सर्व सामाईक किंवा भाड्याने. यंत्र हाताचा वेग वाढवते, हाताची समज वाढवत नाही. ज्याने कानशीने एक कड सरळ केली आहे त्यास लोखंड कोठे मऊ आहे व कोठे अडते हे कळते. तोच पुढे यंत्रही जपून चालवतो. म्हणून घरातील मुलांच्या हाती आधी कानस द्यावी. आमच्या चिरंजीवांचा ग्राइंडर अद्याप घरात आहे व तो चांगले काम देतो; मात्र तो ज्या खुंटीस टांगला आहे तिच्याखालीच आम्ही तीन रकान्यांची ती वही ठेवली आहे. वहीत काम लिहिल्यावाचून खुंटीस हात लावावयाचा नाही, असा आमच्या घरचा दंडक आहे. वाचक बंधूंनीही अशी एक वही घालून पाहावी, अशी आमची विनंती आहे.