गाडीच्या विम्याचा हिशेब

"आमची गाडी महिन्यातून चारदा बाहेर निघते, मंडईत आणि डॉक्टरांकडे. मग एवढा प्रीमियम कशाला?" मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं. प्रश्न आमचाही आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण पॉलिसीचा कागद आला की आम्ही मुकाट्याने पैसे भरत होतो. तर आज तो कागदच वाचू या.

त्यात दोन वेगळ्या रकमा असतात. पहिली थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ती सक्तीची आहे. तिचा दर सरकार ठरवतं, इंजिनाच्या सीसीवरून. जून २०२२च्या दरांत १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, पुढे ७,८९७. इथे घासाघीस नाही.

दुसरी रक्कम आपल्याच गाडीच्या नुकसानीची. खरी गोम इथे आहे. ती मुख्यतः आयडीव्हीवर ठरते, म्हणजे गाडी चोरीला गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल यावर. गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के. आठ लाखांची गाडी ५ लाख ६० हजारांवर येते. एजंट म्हणतो, "सर, साडेचार लाख दाखवू, प्रीमियम कमी बसेल." बसतो खरा! पण गाडी गेली की एक लाख दहा हजार आपल्याच खिशातून.

शिवाय पुण्या-मुंबईच्या गाडीला साताऱ्याच्या गाडीपेक्षा दर थोडा जास्त. वर १८ टक्के जीएसटी.

आता मूळ प्रश्न. कंपनी तुम्हाला ओळखतच नाही हो. ती ओळखते एक गट: अमुक मॉडेल, अमुक वय, अमुक शहर. एकाच माणसाला अनेक गटांत बसवता येतं, मग त्याची शक्यता कोणत्या गटावरून काढायची? ही अडचण जॉन व्हेन यांनी १८६६ सालीच मांडली होती. (वर्तुळांच्या आकृत्यांचे व्हेन, तेच.) महिन्यातून चारदा मंडईत जाणाऱ्यांचा गट कंपनीने केला नाही, तर आपण दिवसभर फिरणाऱ्यांच्या रांगेत उभे.

तुमची सावधगिरी मोजणारी एक जागा मात्र आहे, नो क्लेम बोनस. या दुसऱ्या रकमेवर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, पुढे २५, ३५, ४५, ५०. समजा, मूळ रक्कम ८,००० आहे आणि ५० टक्के सूट मिळून आपण ४,००० भरतो. बंपर घासला, खर्च ३,०००. क्लेम केला तर सक्तीचे हजार वजा जाऊन फार तर २,००० मिळतील. पण पुढच्या वर्षी सूट शून्य, म्हणजे ४,००० जादा. त्याच्या पुढच्या वर्षी २,४०० जादा. आम्ही हे गणित क्लेम केल्यानंतर केलं, बरं का!

आणि हा बोनस मालकाचा, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकलीत तर तो नव्या गाडीला लावून घ्या. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर मात्र तो जातो.