अदृश्य ग्रहांच्या मागावर : अंगणातली दहा इंची दुर्बीण

ताऱ्याविना भटकणाऱ्या एकाकी ग्रहांविषयी आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण साताऱ्याच्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारलाय की तो बाजूला ठेववत नाही. ते लिहितात, ‘अदृश्य ग्रह शोधणं हे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींचं काम. मग दहा इंची दुर्बीण बाळगणाऱ्यानं नुसतं वाचतच राहायचं का?’

मुळीच नाही! पुढच्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाढवतं, त्यावरून ग्रह शोधायची रीत म्हणजे मायक्रोलेन्सिंग. तिनं सापडलेल्या अगदी दुसऱ्याच ग्रहाच्या शोधात एक दहा इंची दुर्बीण होती.

मार्च 2005 मध्ये, असे उजळणारे तारे टिपणाऱ्या ओगल प्रकल्पाच्या चिलीतल्या 1.3 मीटर दुर्बिणीला आकाशगंगेच्या केंद्राकडच्या गर्दीत एक तारा उजळताना दिसला. ओगल-2005-बीएलजी-071 असं या घटनेचं नाव. ग्रहाची खूण प्रकाशआलेखावर, म्हणजे ताऱ्याच्या बदलत्या तेजस्वितेच्या आलेखावर, केव्हा उमटेल याचा एरवी भरवसा नसतो, हे आपण पाहिलं आहे. पण भिंगाचं काम करणारा तारा मागच्या ताऱ्याच्या जवळजवळ समोरून जाणार असेल, तर सगळं पालटतं. मागचा तारा अनेक पटींनी उजळतो आणि ग्रह असलाच तर त्याची खूण नेमकी शिखराच्या आसपास उमटण्याची शक्यता फार मोठी असते. शिखर कधी येणार, हे गणितानं आधी कळतं. म्हणजे अंधूक तारा लहान दुर्बिणीच्या आवाक्यात येतो, आणि कोणत्या रात्री जागायचं तेही ठरतं.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अँड्र्यू गूल्ड यांनी याच हिशेबावर शिखराच्या रात्री ठिकठिकाणाहून निरीक्षण करणारा ‘मायक्रोफन’ हा गट उभा केला. चिलीत उजाडलं की निरीक्षण तुटतं. तेव्हा न्यूझीलंडमध्ये रात्र असते. एप्रिलमध्ये शिखर आलं तेव्हा ऑकलंडमध्ये दोन हौशी निरीक्षक दुर्बिणीला डोळा नव्हे, कॅमेरा लावून बसले होते. ऑकलंड वेधशाळेत 35 सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर ग्रँट ख्रिस्टी, आणि स्वतःच्या घरच्या फार्म कोव्ह वेधशाळेत 25 सेंटिमीटरच्या, म्हणजे दहा इंची दुर्बिणीवर जेनी मॅकॉर्मिक. शहराच्या झगमगाटातून!

सगळ्यांचे आकडे एकत्र आले आणि एका शिखराच्या जागी दोन उंचवटे दिसले. सूर्याच्या निम्म्याहूनही कमी वस्तुमानाचा लाल बटू तारा, आणि त्याच्याभोवती गुरूच्या तिपटीहून जड ग्रह. अंतर दहा-अकरा हजार प्रकाशवर्षं. एवढ्याशा ताऱ्याभोवती एवढा राक्षस कसा घडला, हे ग्रहनिर्मितीच्या रूढ सिद्धांताला आजही अवघड जातं. पुढे हबल आणि केक दुर्बिणींनी ही जोडी पुन्हा तपासली आणि ग्रह टिकला. शोधनिबंधावर ख्रिस्टी आणि मॅकॉर्मिक यांची नावं व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या रांगेत आहेत, आणि ती हक्कानं आहेत. 2008 साली गुरू-शनीसारख्या दोन ग्रहांच्या जोडीचा शोध जाहीर झाला, त्यातही न्यूझीलंडच्या हौशी निरीक्षकांचा वाटा होता.

खरं तर या विषयाची सुरुवातच एका हौशी माणसामुळे झाली. 1936 मध्ये आर. डब्ल्यू. मांडल नावाचा चेकोस्लोव्हाकियातला इंजिनिअर प्रिन्स्टनला आइन्स्टाइनकडे गेला आणि ताऱ्याच्या भिंगाचं गणित छापा म्हणून मागे लागला. आइन्स्टाइननं ते ‘सायन्स’मध्ये छापलं, पण असं काही दिसण्याची फारशी आशा नाही, असंही त्यातच लिहून टाकलं. मांडलचा हट्ट मला त्या गणिताइतकाच मोलाचा वाटतो.

आता साताऱ्याच्या वाचकांसाठी. आकाशगंगेचं केंद्र आपल्याकडे रात्रभर दिसतं ते जून-जुलैत, आणि तेव्हा आभाळ पावसाचं. पण एप्रिल-मेमध्ये ते मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे चांगलं वर येतं आणि आकाश बरंचसं निरभ्र असतं. ऑकलंडचा ग्रहही एप्रिलमधलाच! मात्र या कामाला सुंदर छायाचित्र पुरत नाही, ताऱ्याची तेजस्विता बिनचूक मोजता यावी लागते. तो हात रूपविकारी, म्हणजे तेजस्विता बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांवर बसतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी मंडळींना एकत्र आणते आहे. तिथं विचारा, किंवा जवळचं खगोल मंडळ गाठा. दुर्बिणीला कॅमेरा जोडा आणि दिवाळीनंतरच्या स्वच्छ रात्री अशा एकाच ताऱ्याची तेजस्विता मोजत राहा. पहिले आकडे मला जरूर कळवा.