चंद्रपूरच्या डायनासोरचं डोकं

कोपरहून ठाण्याकडे जाताना मुंब्र्याचा डोंगर दिसतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ मालिकेच्या २०२३च्या पर्वात दख्खनच्या याच लाव्हाप्रदेशात आयसिसॉरस या डायनासोरचा कळप अंडी घालायला निघतो. त्याचे जीवाश्म चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे. पण त्या सांगाड्यासोबत कवटी मिळालीच नाही! मग पडद्यावरचं डोकं? ते नात्यातल्या इतर टायटॅनोसॉरांवरूनच बेतावं लागतं. मान, पुढचे पाय हाडांवरून ठरतात. कातडीचा रंग मात्र कल्पनेचा. अशी कल्पना मला चालते, कारण ती पुराव्याशी भांडत नाही. ‘ज्युरासिक पार्क’मधला माणसाएवढा, बिनपिसांचा व्हेलोसिरॅप्टर भांडतो. खरा जेमतेम टर्की पक्ष्याएवढा होता. त्याच्या हाडावर पिसांच्या खुणा असल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं.