विद्यार्थिदशेतील आहार आणि शरीराचे वजन

घर सोडून विद्यापीठाच्या वसतिगृहात राहावयास गेलेल्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमात सर्वांत मोठा पालट होतो तो भोजनाचा. काय शिजवावे, किती वाढावे आणि केव्हा जेवावे हे आजवर घरातील वडीलधारी माणसे ठरवीत. आता ते त्याचे त्यालाच ठरवावे लागते. सकाळची न्याहारी तासांच्या घाईत राहून जाते, दुपारची भूक उपाहारगृहातील तळलेल्या पदार्थांवर भागविली जाते आणि रात्रीच्या जागरणास चहा-बिस्किटांची सोबत मिळते.

या पालटाचा वजनावर काय परिणाम होतो? महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात वजन १५ पौंडांनी, म्हणजे सुमारे ७ किलोग्रॅमने वाढते, अशी समजूत अमेरिकेत रूढ आहे. परंतु ३२ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करून २०१५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत ही वाढ साधारण पाच महिन्यांत सरासरी १.३६ किलोग्रॅमच आढळली. शरीरातील १ किलोग्रॅम मेदात स्थूलमानाने ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. या हिशेबाने एवढ्या वाढीस दररोज सुमारे ७० उष्मांकांचे आधिक्य पुरते. दूध-साखर घातलेल्या एका पेलाभर चहातून ते सहज मिळते. तात्पर्य, वजन वाढण्यास मेजवान्याच लागतात असे नाही. नित्याचा एखादा जादा घासही पुरेसा होतो.

एवढ्याशा वाढीची चिंता कशास करावी, असे कोणी विचारील. भारतीयांच्या बाबतीत त्याचे उत्तर पुण्यातून मिळते. वजनाच्या किलोग्रॅमांस उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास देहभार-निर्देशांक म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. तथापि मोजणीत युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. ही तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरात, विशेषतः पोटात, मेद दडलेला असू शकतो. असा मेद इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतो आणि मधुमेहास वाट करून देतो. म्हणूनच जागतिक प्रमाणानुसार अतिरिक्त वजनाची मर्यादा २५ या निर्देशांकापासून सुरू होत असली, तरी भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ती २३ अशी ठरविली.

मात्र या भीतीने उपाशी राहणे हा उपाय नव्हे. निर्देशांक १८.५ च्या खाली जाणे हेही कुपोषणाचेच लक्षण होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा वयात जेवण टाळणाऱ्या मुलीचे वजन घटेल. पण त्याबरोबर तिला आवश्यक असलेले लोह आणि प्रथिनेही घटतील.

तेव्हा केवळ वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही. ताटाकडेही पाहिले पाहिजे. वेळच्या वेळी न्याहारी, दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ, पालेभाजी आणि एखादे स्वस्त हंगामी फळ, एवढे बहुतेक खाणावळींतून साधण्याजोगे आहे. मधल्या भुकेसाठी भाजलेले चणे-शेंगदाणे तळलेल्या पदार्थांहून बरे. साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. २,००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम भरते. वसतिगृहापासून वर्गापर्यंत पायी जाण्यासही काही खर्च येत नाही. या वयात जडलेल्या सवयी पुढे दीर्घकाळ टिकतात. म्हणून त्या डोळसपणे लावून घेणे हाही विद्यार्थ्याच्या शिक्षणाचाच एक भाग होय.