सांगलीचा पिवळा, भिलारचा गुलाबी

दिवाळीच्या फराळासाठी आमच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावरून गोल ओव्हन खाली उतरतो. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी, आत कॉइल, आणि तापमानाचा काटा नाही. त्यात नानकटाई होते. माझ्या लहानपणी घरी तेवढंही नव्हतं. तूप, पिठीसाखर, मैदा असं सामान घेऊन बेकरीत जायचं, तिथल्याच पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि भट्टीसमोर नंबर लागेपर्यंत तो वास नाकात भरून घ्यायचा. भाजण्याशी माझी ओळख झाली ती तिथे.

हल्ली हा ओव्हन दिवाळीनंतर लगेच परत माळ्यावर जात नाही. फेब्रुवारीत सांगलीला माझ्या नातीचा वाढदिवस असतो, आणि गेली तीन वर्षं तिचा केक मी साताऱ्याला भाजते, डब्यात घालून कराडमार्गे एसटीने नेते, आणि तिथे तो सजवतात ती आणि तिच्या मैत्रिणी. सजवतात म्हणजे पळीने रंग ओततात, बोटांनी फासतात, वरून डाळिंबाचे दाणे फेकतात. पहिल्या वर्षी लेकीने विचारलं, "आई, फोटोत कसं दिसेल?" मी म्हटलं, "वाढदिवसासारखं दिसेल."

असा मुद्दाम विस्कटलेला केक करणं सोपं आहे असं वाटतं. सजावट सोपी आहेच. पण आतला केक नीट झाला नसेल तर वरचा पसारा केविलवाणा दिसतो. म्हणून मोजमाप काटेकोर आणि सजावट मोकाट, असा माझा नेम आहे.

मोजमापाच्या बाबतीत आपल्यावर एका बाईचे फार उपकार आहेत. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं आणि त्यांनी 'अंदाजाने' हा शब्द बाजूला ठेवून वाटी-चमच्याची प्रमाणं दिली. लग्न होऊन परगावी गेलेल्या कितीतरी मुली त्या वाट्यांवर स्वयंपाक शिकल्या. भाजी-आमटीत वाटी थोडी लहान-मोठी झाली तरी निभावतं. केकमध्ये निभावत नाही. बाहेरच्या पुस्तकांतला 'कप' २४० मिलिलिटरचा असतो आणि आपली आमटीची वाटी साधारण दीडशेची. कपाच्या जागी वाटी धरली, पण सोडा मात्र पुस्तकात लिहिलाय तेवढाच घातला, तर केक फुगून मध्ये बसतो आणि साबणासारखा लागतो. माझे पहिले दोन असेच गेले. तेव्हापासून मी ग्रॅमच्या काट्यावर मोजते.

बिनअंड्याचा दह्याचा केक आमच्याकडे सगळ्यांना चालतो. २४० ग्रॅम ताजं दही आणि १५० ग्रॅम साखर फेटायची. त्यात सपाट सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं. हा चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलिलिटरचा. मिश्रण फसफसून वर आलं की ११० ग्रॅम बिनवासाचं तेल, थोडा व्हॅनिला, आणि शेवटी चाळलेला १८५ ग्रॅम मैदा. मैदा घातल्यावर हात आखडता घ्यायचा, कारण जितकं घोटाल तितकी त्यातली चिवट जाळी, म्हणजे ग्लुटेन, घट्ट होते आणि केक ब्रेडसारखा होतो. तापमान लावता येत असेल तर १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या कुकरमध्ये तळाला मीठ पसरावं, वर स्टँड ठेवावा, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून टाकावी आणि मंद आचेवर भाजावं. २०२० च्या टाळेबंदीत किती तरी घरांत पहिला केक असाच कुकरमध्ये झाला.

दह्याचं आंबटपण आणि सोड्याचा क्षार यांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या बुडबुड्यांवर केक उभा राहतो. हे जमलं की मग रंगांकडे वळायचं. मला खरी गोडी लागली ती इथे, आणि तीही एका फसलेल्या केकमुळे.

सांगलीच्या लेकीकडे जायचं तर पिवळा रंग हळदीचाच, असं मी ठरवलं होतं. सांगलीची हळद म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. जानेवारीपासून हळद निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या मालाचे सौदे रंगतात. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद वर्षानुवर्षं साठवत. महापुराने त्यांतली बरीच पेवं गेली, पण हरिपूर म्हटलं की पेवं आठवतातच. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तर अशी घरची दळलेली हळद मी पाव चमचा मैद्यात मिसळली, सोडा घाईत न चाळता टाकला आणि केक भाजला. कापला तर पिवळ्या केकमध्ये जागोजागी तांबडे ठिपके! मला वाटलं किडा-मुंगी काही पडलं की काय.

मग एकदम लख्ख आठवलं. पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लाल होतो. कुंकू होतं तेही याच न्यायाने, हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीतलं कुरकुमिन आंबटात पिवळं राहतं आणि क्षारात तांबडं होतं. माझ्या केकमध्ये सोड्याच्या गुठळ्या राहिल्या होत्या, आणि प्रत्येक गुठळीभोवती एकेक कुंकवाचं बोट उमटलं होतं. सोडा चाळून घेतला आणि दह्यात आधीच नीट विरघळू दिला तर ठिपके येत नाहीत. नातीला मात्र आता ते ठिपके हवे असतात. तिच्यासाठी मी एका वाटीत हळदीचं पाणी ठेवते, तिने चिमूटभर सोडा टाकायचा, लाल करायचं, मग लिंबू पिळून पुन्हा पिवळं. वाढदिवसाला जादूगार बोलवावा लागत नाही.

बाकीच्या रंगांचंही असंच आहे. प्रत्येकाचा स्वभाव आहे, तो ओळखून वागलं की रंग साथ देतो. बीटचा किस पिठात घातला तर कच्चं पीठ असं देखणं किरमिजी दिसतं की नजर हटत नाही, आणि ओव्हनमधून बाहेर येतो तो मातकट तपकिरी केक. बीटचा रंग उष्णतेत टिकत नाही. स्ट्रॉबेरीचा गुलाबी सोडा लागला की राखाडी-निळसर पडतो. पालकाचा हिरवा आंबटात काही तासांनी शेवाळी होतो. या तिघांना भट्टीत ढकलण्यात अर्थ नाही. पिठात घालायची ती हळद, ती भाजण्यात बऱ्यापैकी टिकते. बाकीचे रंग वरच्या थरात.

आणि वरचा थर चक्क्याचा. क्रीम फेटायला थंडगार भांडं हवं, उन्हात क्रीम वितळतं, बटर आयसिंग लहान मुलांना जड जातं. चक्का आपल्या हातातला. श्रीखंडासाठी दही बांधायची सवय घराघरात आहे, आणि सांगली जिल्ह्यात दुधाची परंपरा मोठी आहे. चितळ्यांची डेअरी भिलवडीला १९३९ साली सुरू झाली ती याच कृष्णाकाठावर. अर्धा किलो घट्ट चक्का, २०० ग्रॅम पिठीसाखर, दोन्ही पुरणयंत्रातून काढून एकजीव करायचं. हा थर गुलाबाच्या पाकळ्या धरत नाही. नोझलमधून काढलेली नक्षी दहा मिनिटांत सैल होते, कडेने ओघळते. म्हणूनच मी म्हणते, विस्कटलेला केक आपल्या स्वयंपाकघराच्या स्वभावातलाच आहे. ओघळणं हाच चक्क्याचा गुण आहे, त्याला फुलं करायला लावू नये.

शिवाय चक्का आंबट, त्यामुळे गुलाबी आणि लाल रंग त्यात खुलतात. फेब्रुवारीत महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातली स्ट्रॉबेरी भरात असते. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या भिलारला २०१७ पासून लोक 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखतात, ते आधीपासून स्ट्रॉबेरीचंच गाव. मी पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसते, कारण सामानाच्या रॅकवर ठेवली तर कराडपर्यंत तिचा मुरंबा होतो. या फळात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, ते तसंच चक्क्यात घातलं तर चक्का पातळ होतो. म्हणून निम्मी फळं थोडी साखर आणि लिंबाचे चार थेंब घालून घट्ट होईतो आटवायची, निम्मी ताजी कापून वर. बीट वाफवून, वाटून, गाळून त्याचा दाट रस दोन चमचे पुरतो. जास्त घातला तर मातीचा वास येतो, मुलांना तो लगेच कळतो. निळ्यासाठी गोकर्णाची फुलं. आठ-दहा फुलं देठ काढून अर्धी वाटी गरम पाण्यात टाकली की गर्द निळं पाणी होतं. चक्क्यात मिसळलं की आंबटपणाने ते जांभळट होतं. निळंच हवं असेल तर दुधाच्या सायीत घालावं. हिरवा पालक सगळ्यांत शेवटी, मेणबत्ती लावण्याच्या अर्धा तास आधी. तासगावची द्राक्षं आणि बेदाणे, आटपाडीचं डाळिंब, हे रंग तर कापून नुसते टाकायचे.

बाजारातल्या रंगांबद्दल लोक विचारतात. आपल्या देशात खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीन लाल, दोन पिवळे, दोन निळे आणि एक हिरवा, आणि तेही ठरलेल्या पदार्थांत, बहुतेक ठिकाणी दहा लाख भागांत शंभर भागांच्या आत. परवान्याचा शिक्का आणि रंगाचं नाव असलेली बाटली थेंबभर वापरली तर मी कुणाला दोष देणार नाही. मात्र सुट्या पुड्यांतली पिवळी भुकटी घेऊ नये, त्यात मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग असू शकतो. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात काही कृत्रिम रंगांचा मुलांच्या चंचलपणाशी संबंध तपासला गेला, आणि युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. माझं कारण त्याहून साधं आहे. बाटलीतला रंग कुठून आला हे नातीला दाखवता येत नाही. हळद आणि स्ट्रॉबेरी दाखवता येते.

घरच्या वेड्यावाकड्या केकचं कौतुक दुसरीकडेही आहे. ऑस्ट्रेलियात १९८० साली 'विमेन्स वीकली' मासिकाने मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं एक पुस्तक काढलं. त्यातल्या पोहण्याच्या तलावाच्या केकमध्ये पाण्याच्या जागी जेली आहे, बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची आहे. तिथल्या पिढ्या त्या केकवर वाढल्या. 'ब्लूई' या कार्टूनमध्येही तो बदकाचा केक करताना एका बाबाची उडालेली त्रेधा दाखवली आहे, आणि माझी नात तो भाग पुन्हा पुन्हा बघते. आई-बाबांनी रात्री जागून, चुकत-माकत केलेला केक मुलं जन्मभर लक्षात ठेवतात, हे त्या देशाला चाळीस वर्षांपूर्वी कळलं. आपणही लाडवाच्या बाबतीत हे जाणतोच. आईच्या हातचा थोडा वाकडा वळलेला लाडू आपण कधी परत केला नाही.

पसारा घालतानाही थोडं भान लागतं. केक आदल्या दिवशी भाजून गार झालेला हवा, ताज्या केकचा चुरा चक्क्यात मिसळतो. आधी पांढऱ्या चक्क्याचा एक पातळ हात सगळीकडे फिरवावा, तो फ्रिजमध्ये अर्धा तास बसू द्यावा, मग रंग. फिके आधी, गडद नंतर. पिवळ्यावर जांभळा कालवला की चिखल होतो, म्हणून त्या दोघांमध्ये पांढरी वाट सोडायची. दारातल्या रांगोळीत आपण नाही का दोन रंगांमध्ये रेघ सोडत. प्रत्येक मुलाला एकच रंग आणि एकच पळी द्यावी, आणि प्रत्येकाला तीन पळ्या. तीन पळ्यांत मुलं विचार करतात, दहा पळ्यांत फक्त ओततात. खाली वर्तमानपत्र, अंगात जुने कपडे, आणि मोठे खोलीबाहेर. शेवटची अट सगळ्यांत अवघड, कारण प्रत्येक आईचे हात कडेचा ओघळ पुसायला शिवशिवतात. तो पुसू नये.

संध्याकाळी आधी औक्षण होतं. सुपारी, अंगठी, निरांजन, कपाळाला कुंकू. निरांजन तेवत ठेवायचं आणि मेणबत्ती फुंकायची, हे आमच्या घरी बरेच दिवस खटकत होतं. शेवटी नातीच्या बाबांनी मार्ग काढला. दीप अमावस्येला करतो तसे कणकेचे छोटे दिवे, या वेळी सहा, केकभोवती ताटात ठेवले. ते कुणी फुंकले नाहीत. त्यांच्या उजेडात केक कापला, आणि आतून हळदीचा पिवळा, त्यात तांबडे ठिपके, वर गुलाबी, जांभळा, पांढरा आणि एका कोपऱ्यात दोघींच्या भांडणातून झालेला चिखल. तो कोपरा नातीने स्वतःसाठी मागून घेतला.

चक्क्याचा केक त्याच दिवशी संपवावा, फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं. वाट्यांतून उरलेला रंगीत चक्का मात्र आम्ही झाकून ठेवला, आणि सकाळी पुऱ्या तळल्या.