कोऱ्या वहीचं काय करायचं?

परीक्षा संपली की दप्तर रिकामं करताना प्रत्येकाच्या घरी अर्ध्या कोऱ्या वह्या निघतात. शंभर पानी वहीची तीस-चाळीस पानं, चित्रकला वहीचे शेवटचे दहा कागद. रद्दीत टाकू नका.

आधी कागद सोडवून घ्या. वहीचं पान एका बाजूने फाडलं तर त्याचं जोडीचं पानही सुटतं, म्हणून वही मधोमध उघडून पिना काढा आणि कोऱ्या जोड्या वेगळ्या करा. त्या एकात एक ठेवा, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवून टाका. जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं की वही तयार. (दाभण वापरताना मोठं माणूस जवळ असू द्या.)

आता त्यात लिहायचं काय? पाढे, शब्दसंग्रह, हिशोब हे आहेच. पण करी रोड, लालबाग, परळ भागात राहणाऱ्या मुलांसाठी मला एक वेगळी वही सुचवाविशी वाटते : आजोबांची वही.

आपला हा भाग गिरणगाव. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या वेळी जे पंचविशीत होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. काहीजण कोकणात, घाटावर गावी परतले. चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार? 'भोंगा' झाला की कोण उठायचं? एका गाळ्यात पाळीपाळीने किती माणसं झोपायची? 'बदली' कामगार म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला. त्याला काम मिळालं नाही तर घरी काय व्हायचं? खानावळीत जेवण काय असायचं? हे आजीलाही विचारा. आजीला सहसा कोणी विचारत नाही.

लिहून ठेवल्याने काय होतं ते बहिणाबाई चौधरींकडे बघा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि 1952 साली पुस्तक निघालं. कोणी टिपलंच नसतं तर?

पद्धत सोपी आहे. उजव्या पानावर तारीख टाकून आजोबा बोलले तसंच लिहा, मालवणी असेल तर मालवणीत. शुद्धलेखनासाठी मी एकही मार्क कापणार नाही! डावं पान कोरं सोडा, कारण चार दिवसांनी त्यांना आणखी काहीतरी आठवतंच. एका बैठकीला दोनच प्रश्न पुरेत. एखादी गोष्ट सांगायची नसेल तर आग्रह धरू नका. संपानंतरचे दिवस सगळ्यांनाच उकरून काढावेसे वाटत नाहीत.

चित्रकला वहीचे कागद नकाशासाठी ठेवा. तुमच्या मजल्याची गॅलरी, खोल्या, नळ, जिना पेन्सिलने काढा आणि आजोबांना दाखवा. "इथे नळ नव्हता रे, तो खाली होता," असं म्हणून ते स्वतःच पेन्सिल हातात घेतील. त्यांनी काढलेली रेघ खोडू नका, बाजूला त्यांचं नाव लिहा.